बाईंच्या लाल शाईची वही आणि नौपाड्यातील बांधणीचे दुकान

आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवणाऱ्या बाईंनी तपासलेली माझी निबंधाची वही, जिच्या गंजलेल्या टाचण्यांमुळे मधली पाने सुटू लागली होती, मी गेल्या महिन्यात ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या दुकानात बांधणीसाठी दिली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली चौदा होते आणि 1972 साली चारांची भर पडून अठरा झाले, हे बाईंनी आमच्याकडून घोकून घेतले होते. तरीही मी ‘आणी’ असे दीर्घ लिहिले, म्हणून त्यांनी त्या एका शब्दाभोवती काढलेले लाल वर्तुळ आज चाळिशीनंतरही कार्यालयातील पत्रावर सही करण्यापूर्वी माझ्या डोळ्यांपुढे येते.

कारागिराने टाचण्या अलगद काढल्या, दोऱ्याने शिलाई केली आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातल्याचे आवर्जून दाखवले. कापडी कण्याची ही बांधणी भक्कम असून वही आता पूर्ण उघडते. साडेतीनशे रुपये मला रास्त वाटले. चार दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले, त्याचे फारसे वाटले नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे: कडा सारख्या करताना यंत्राने समास कापला (व्याकरणातला नव्हे) आणि ‘पुन्हा लिहून आण’ या शेऱ्यातला ‘आण’ गेला. चूक मालकांनी मान्य केली. जुनी वही देणाऱ्यांनी ‘कडा कापू नयेत’ असे पावतीवरच लिहून घ्यावे.