कार्बन पट्टीचे स्पाइक: अमळनेरच्या मैदानावर एक हंगाम वापरल्यानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडताच आम्ही मुलांसाठी धावण्याच्या बुटांचे दोन जोड घेतले. दोन्ही आठ नंबरचे, दोन्हींना पुढच्या भागात खिळे, म्हणजे मुलांच्या भाषेत दोन्ही ‘स्पाइक’च, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ पाचपट होती. स्वस्त जोड जुन्या घडणीचा आहे: पातळ प्लास्टिकचा तळ आणि त्यावर नावापुरता फोम. महाग जोड हल्ली ज्याला सुपर स्पाइक म्हणतात त्या जातीचा, तळात कार्बनची ताठ पट्टी आणि तिच्या जोडीला अतिशय हलक्या, दाबला की लगेच उसळणाऱ्या फोमचा थर असलेला. शाळेच्या क्रीडा निधीत हा दुसरा जोड बसणे शक्यच नव्हते. दोन माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली म्हणून तो आला. तालुकास्तरापासून विभागीय स्पर्धेपर्यंत पूर्ण हंगाम दोन्ही जोड वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते बुटांच्या या दोन जातींविषयी.

एवढा खर्च करण्याची बुद्धी कशी झाली, हे आधी सांगितले पाहिजे. पॅरिस ऑलिंपिकमधील शंभर मीटरची अंतिम शर्यत आपल्याकडे ५ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर झाली. सकाळी सरावाला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी ती मोबाइलवर पाहिली होती, आणि नोआ लाइल्स व किशेन थॉम्पसन या दोघांच्याही नावापुढे ९.७९ सेकंद असताना सुवर्णपदक एकालाच कसे, यावरून मैदानावर वाद चालला होता. सहस्रांशापर्यंत वाचले तर लाइल्सची वेळ ९.७८४ आणि थॉम्पसनची ९.७८९ होती, त्या वेगाने धावणाऱ्यांमध्ये हा फरक तीन-चार बोटांच्या अंतराएवढा होतो, हे मी चुन्याच्या फक्कीवर बोटे टेकवून दाखवले. तिथून विषय उसेन बोल्टवर गेला, आणि तो जाणारच होता. बोल्टने २०१७ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा ही मुले दुसरी-तिसरीत होती. त्यांनी त्याला पाहिले आहे ते जुन्या चित्रफितींमध्येच. सतरा वर्षांखालील गटातल्या एकाने विचारले, “सर, बोल्टना पायमा हाऊ बूट राहता तर तो कितला पयता?” म्हणजे बोल्टच्या पायात हे नवे बूट असते तर तो किती पळाला असता? प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायीच पुढच्या जूनमधली ही खरेदी झाली, असे म्हटले तरी चालेल.

आता बूट हातात घेऊ. स्वस्त जोडाची टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून तो वाकवला, तर बोटांच्या मुळाशी तो थोडा दुमडतो. महाग जोड तसा दुमडतच नाही. जोर लावला तर धनुष्यासारखा ताणला जातो आणि सोडताच झटक्याने मूळ आकारात येतो. तो टेबलावर ठेवला की पुढचे टोक बोटभर वर उचललेले राहते, त्यामुळे तो घालून उभ्या असलेल्या मुलाला पुढे कलल्यासारखे वाटते. स्वस्त जोडाचे खिळे पान्याने काढून बदलता येतात. आमच्या महाग जोडाचे खिळे तळातच जडवलेले आहेत, आखूड आहेत, आणि ते झिजले की सगळा बूटच निकामी होणार. खान्देशातल्या ग्राहकाने खरेदीपूर्वी पाहण्याची पहिली गोष्ट हीच आहे, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे एका बुटाला अकरापेक्षा जास्त खिळे चालत नाहीत आणि तळाची जाडी २० मिलिमीटरच्या आत असावी लागते. सिंथेटिक ट्रॅकवर खिळ्याची लांबी ९ मिलिमीटरपर्यंत चालते. मातीसारख्या पृष्ठभागावर त्याहून बरेच लांब खिळे वापरण्याची मुभा आहे. बनवणाऱ्याने मात्र आमचा महाग जोड सिंथेटिकच डोळ्यांपुढे ठेवून बनवला आहे.

मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण या बुटांची किंमत वसूल होते की नाही हे त्याच उत्तरावर अवलंबून आहे. बोल्टने बर्लिनमध्ये १६ ऑगस्ट २००९ रोजी ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा पाठीमागून सेकंदाला ०.९ मीटरचा वारा होता. लाइल्स पॅरिसमध्ये धावला तेव्हा तो १.० मीटरचा होता. म्हणजे वाऱ्याने कोणालाच झुकते माप दिलेले नाही. राहिली सुरुवात. बंदुकीच्या आवाजानंतर स्टार्टिंग ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांवर, दाब पडायला बोल्टला ०.१४६ सेकंद लागले आणि लाइल्सला ०.१७८. लाइल्स तीस मीटरला आठ जणांत शेवटी होता, त्यामुळे ‘सुरुवात सुधारली तर तो बोल्टला गाठेल’ असे मुले म्हणतात. मी त्यांना फळ्यावर वजाबाकी करायला लावली. दोघांच्याही वेळेतून हा प्रतिसादाचा काळ काढून टाकला, तर बोल्टचे ९.४३४ उरतात आणि लाइल्सचे ९.६०६. सतरा शतांशांची तफावत तरीही कायम राहते, आणि ती निव्वळ पायांची आहे. बोल्टने त्या शर्यतीत साठ ते ऐंशी मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत ओलांडला, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने. १.९५ मीटर उंचीचा हा माणूस शंभर मीटर अवघ्या ४१ पावलांत संपवत असे. लाइल्सची उंची १.८० मीटर. त्याला तेवढ्याच अंतरासाठी पाय जास्त वेळा टेकवावा लागतो, आणि शेवटच्या चाळीस मीटरमध्ये इतरांचा वेग जितका उतरतो तितका तो स्वतःचा उतरू देत नाही, ही त्याची खरी कमाई आहे.

दोनशे मीटरमध्ये माझे मत एवढे एकतर्फी नाही. बोल्टचे १९.१९ आणि लाइल्सचे २०२२ मध्ये अमेरिकेत यूजीनला नोंदलेले १९.३१ यांच्यात बारा शतांशांचे अंतर आहे, आणि वीस सेकंदांच्या आत किती वेळा धावला या मोजणीत लाइल्सने बोल्टला २०२३ मध्येच मागे टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला त्याने दोनशेचे चौथे जागतिक विजेतेपद मिळवले. बोल्टचीही २००९ ते २०१५ या काळातली चारच आहेत. ऑलिंपिकमध्ये मात्र बोल्टची या अंतराची तीन सुवर्णपदके आहेत आणि लाइल्सची दोन कांस्यपदके, त्यातले पॅरिसचे कोविड झालेला असताना मिळवलेले. त्यामुळे जागतिक स्पर्धेपुरते लाइल्सला बोल्टच्या शेजारी पाटावर बसवायला माझी हरकत नाही. शर्यतीआधीचा त्याचा नाटकीपणा मला फारसा रुचत नाही, पण बोल्टचे बाण मारणे आम्ही कौतुकाने पाहिले होते, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार माझ्या पिढीला नाही.

आता बुटांचा वाटा. या नव्या बुटांवर बोल्टने २०२१ मध्येच उघड नाराजी व्यक्त केली होती, आणि असे बूट मिळाले असते तर आपण ९.४२ पर्यंत गेलो असतो, असेही त्याने अलीकडे म्हटले आहे. हा आकडा त्याला बुटांचे पैसे देणाऱ्या कंपनीच्या हिशेबातून आलेला असल्याने मी तो जसाच्या तसा मानत नाही. बूटच सगळे करत असते, तर ते घालून धावणारे सगळेच ९.५८ च्या आसपास दिसायला हवे होते. प्रत्यक्षात २०२५ अखेरपर्यंत नव्या बुटांच्या काळातली पुरुषांची सर्वांत जलद वेळ थॉम्पसनची ९.७५ ही होती. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेतल्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत ऑब्लिक सेव्हिल ९.७७ मध्ये जिंकला आणि लाइल्स ९.८९ मध्ये तिसरा आला. हा सेव्हिल बोल्टचेच प्रशिक्षक ग्लेन मिल्स यांच्या हाताखाली तयार झालेला आहे, याकडे मी मुलांचे लक्ष वेधले. त्यांना तोपर्यंत त्याच्या बुटाचा रंगच तेवढा लक्षात राहिला होता. आणि २००८ मध्ये बीजिंगला बोल्टने ९.६९ ची नोंद केली तेव्हा त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती, शिवाय शेवटी तो छाती बडवत वेग कमी करून रेषेवर गेला होता. त्याचे बूट अर्थातच खास त्याच्या पायासाठी बनवलेले होते, पण घडण आमच्या स्वस्त जोडाच्या जवळची.

मैदानावरचा अनुभव असा. आमचे मैदान मूळचे कापसाच्या काळ्या जमिनीचे, वर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. पावसाळ्यात मुरूम खाली जातो आणि काळी माती वर येते. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कार्बनची पट्टी आणि उसळता फोम पायाची ताकद परत देतात, पण खालची जमीन घट्ट असेल तरच. इथे जमीनच दबते, आखूड खिळा वरच्या भुशात फिरतो, आणि परत यायची ती ताकद मातीत जिरते. सप्टेंबरमध्ये सरी पडून गेल्यावर महाग जोडाच्या खिळ्यांमधल्या खाचा दहा पावलांत चिखलाने भरल्या आणि तळ पाटीसारखा सपाट झाला. मुलगा साठ मीटरच्या मध्यावर घसरून गुडघ्यावर पडला. कोरड्या दिवसांत आम्ही दोन मुलांना आलटून पालटून दोन्ही जोड घालून साठ मीटर पळवले. सहांपैकी चार वेळा स्वस्त जोड पुढे राहिला, मात्र सरासरीतला फरक एक दशांशापेक्षा कमी, म्हणजे हातातल्या घड्याळाच्या आणि माझ्या अंगठ्याच्या चुकीत बसणारा होता. मातीवर महाग जोडाने काही मिळते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

इथे जेसी ओवेन्सची आठवण काढल्याखेरीज राहवत नाही. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये या अमेरिकी धावपटूने शंभर मीटर १०.३ सेकंदांत जिंकले ते बर्लिनच्या त्याच मैदानावर, जिथे पुढे बोल्ट धावला; पण ओवेन्सच्या पायाखाली राखमिश्रित भुकटीचा ट्रॅक होता आणि स्टार्टिंग ब्लॉकऐवजी जमिनीत स्वतः उकरलेले खड्डे. आमच्याकडे ब्लॉक येण्यापूर्वी मुले खुरप्याने असेच खड्डे करत आणि सराव संपला की मी ते बुजवायला लावत असे, कारण संध्याकाळी त्याच मैदानावर क्रिकेट असते. माझ्या मुलांची परिस्थिती लाइल्सपेक्षा ओवेन्सच्या जवळची आहे, आणि बूट निवडताना ती लक्षात घ्यायला मी वर्षभर उशीर केला.

बाजू दुसरीही आहे. विभागीय स्पर्धेनंतर आम्ही त्याच दोन मुलांना घेऊन पुण्याला बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर सरावाला गेलो. तिथे महाग जोड घातल्यावर पहिल्या तीस मीटरमध्येच आवाज बदलला. मातीवरची फसफस जाऊन टाळी वाजल्यासारखा कोरडा टपटप आवाज येऊ लागला. त्यातला एक परत येऊन म्हणाला, “सर, खालथीन कोनी ढकली ऱ्हायना असं वाटस.” घड्याळातही या वेळी फरक दिसला आणि तो प्रत्येक धावेत एकाच बाजूचा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि टाचेच्या वरची शीर दुखत होती. ताठ पट्टी बोटांना दुमडू देत नाही, तेव्हा तो ताण घोटा आणि पोटरी यांच्यावर जातो. वर्षानुवर्षे व्यायामशाळेत तयार झालेले पाय तो सोसतात, सोळा वर्षांच्या मुलाचे सोसतीलच असे नाही. त्यानंतर मी नियम केला की हा जोड आठवड्यातून एकदाच घालायचा, चार धावांपेक्षा जास्त नाही, आणि गरम होण्यासाठी पळायचे ते साध्या बुटांत.

या मुलाची उणीव बुटात नव्हतीच. तो पहिल्या वीस मीटरला सगळ्यांच्या पुढे असतो आणि सत्तर मीटरनंतर खांदे वर चढवून, दात आवळून, स्वतःलाच मागे खेचतो. लाइल्सच्या नेमके उलटे. त्याला पॅरिसची शर्यत संथ गतीने दहा वेळा दाखवली, ती फक्त लाइल्सचा जबडा आणि हाताचे पंजे पाहण्यासाठी. बोल्टच्या चित्रफितीतून उंची आणि पावलाची लांबी शिकता येत नाही. लाइल्सच्या चित्रफितीतून मोकळे राहणे शिकता येते. शिकवण्याच्या दृष्टीने मला तो बोल्टपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, हे मान्य करायला थोडे जड जाते. आता मुलांच्या तोंडी अनिमेष कुजूरचेही नाव येऊ लागले आहे. ओडिशाकडून धावणाऱ्या या तरुणाने जुलै २०२५ मध्ये शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम १०.१८ वर आणला, आणि त्याच्याविषयी बोलताना मुलांचा आवाज वेगळा असतो, कारण १०.१८ हा आकडा त्यांना ९.५८ सारखा आकाशातला वाटत नाही.

दुकानाच्या सेवेविषयी थोडक्यात. ज्या दुकानातून घेतले त्याचे नाव लिहीत नाही. स्वस्त जोडासोबत खिळे बदलण्याचा पाना आणि जादा खिळे मिळतील असे सांगितले होते. खोक्यात दोन्ही नव्हते आणि तीन फेऱ्या घातल्यावर पाना मिळाला. महाग जोड पाय आत न घालता, फक्त नंबर सांगून घ्यावा लागला आणि तो बोटांपाशी आवळ निघाला. हे बूट मोज्याशिवाय घालून, उभे राहून, चवड्यावर जोर देऊन पाहिल्याशिवाय घेऊ नयेत; टाच किंचितही सुटत असेल तर तो नंबर नाही.

महाग जोड सध्या प्रयोगशाळेच्या कपाटात कोरड्या कापडात गुंडाळून ठेवला आहे, आणि ज्या मुलाची स्पर्धा सिंथेटिक ट्रॅकवर असेल त्यालाच, माझ्यासमोर दोन सराव केल्यावर, तो मिळतो. वर्षातून दोन-तीन वेळाच सिंथेटिकवर जाणाऱ्या शाळेने एक जोड सामाईक ठेवावा, त्याहून जास्त नको. पालकांनी कर्ज काढून घ्यावा अशी तर ही वस्तू मुळीच नाही. स्वस्त जोडाचा वरचा कपडा करंगळीपाशी फाटला होता, तो चांभाराकडून शिवून घेतला आणि अजून चालतो आहे. या जूनसाठी त्याच घडणीचे आणखी तीन जोड मागवले आहेत, आठ नंबरचे दोन आणि सहाचा एक, सोबत १२ मिलिमीटरच्या खिळ्यांची दोन पाकिटे, आणि पाना या वेळी पैसे देण्याआधी मोजून घेणार आहे.