ब्लिट्झ की रॅपिड: हौशी ऑनलाइन बुद्धिबळपटूने काय निवडावे?

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणारा हौशी खेळाडू सुरुवातीच्या चाली कोणत्या शिकाव्यात याची चिंता करत बसतो, पण त्याआधी त्याने घड्याळाचा प्रश्न सोडवायला हवा. रोज जेमतेम तासभर मोकळा मिळणाऱ्या नोकरदार माणसाने 3+2 चे ब्लिट्झ डाव खेळावेत की 15+10 चे रॅपिड? यातला पहिला आकडा मिनिटांचा असून दुसरा प्रत्येक चालीमागे वाढून मिळणाऱ्या सेकंदांचा आहे. 40 चालींचा डाव धरला, तर ब्लिट्झमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला फार तर 4 मिनिटे 20 सेकंद येतात आणि रॅपिडमध्ये 21 मिनिटे 40 सेकंद. म्हणजे तासाभरात ब्लिट्झचे सहा-सात डाव उरकतात, तर रॅपिडचा एकच डाव होतो आणि तो तपासायला पंधरा मिनिटे हाताशी राहतात. माझ्या मते प्रगतीच्या दृष्टीने या पंधरा मिनिटांचे मोल सर्वांत जास्त आहे.

दोन्हींतला फरक पटावर स्पष्ट दिसतो. इटालियन पद्धतीच्या डावात पांढऱ्याचा उंट सी4 या घरावर आहे आणि काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढले आहेत. अशा वेळी पांढरा आपला घोडा जी5 वर नेऊन एफ7 च्या प्याद्यावर दुहेरी मारा करतो. काळा गाफील राहिला, तर तोच घोडा एफ7 चे प्यादे मारून वजीर आणि हत्ती या दोघांवर एकदम नेम धरतो. नवख्यांच्या ब्लिट्झमध्ये असे डाव वारंवार जिंकता येतात आणि आपली शैली आक्रमक आहे असा खेळाडूचा समज होतो. रॅपिडमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याला प्यादे डी5 वर ढकलण्याची चाल शोधायला वेळ मिळतो. पांढऱ्याने ते प्यादे मारल्यावर तो घोड्याने परत मारण्याचा मोह टाळतो, दुसरा घोडा ए5 वर नेऊन उंटाला हुसकावतो आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात आपली मोहरी भराभर कामाला लावतो. इथून पुढे पांढऱ्याला सापळ्याऐवजी योजना लागते, आणि खेळाडूची खरी शैली कोणती हे अशाच स्थितीत कळू लागते.

डावाच्या शेवटच्या टप्प्याबाबतही रॅपिडच सरस ठरते. हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती या स्थितीत बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत असेल, तर त्याने आपला हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या आडव्या ओळीत रोखून धरावा आणि प्यादे त्या ओळीत शिरले की हत्ती दूर नेऊन मागून शह देत राहावेत, म्हणजे बरोबरी साधते. दर चालीला 10 सेकंद मिळत असतील तर हे समजून-उमजून खेळता येते. 2 सेकंदांत ज्याला ते आधीच पाठ आहे त्यालाच जमते.

तरीही ब्लिट्झला मोडीत काढणे योग्य होणार नाही. नवी सुरुवात शिकल्यावर तिच्यात प्रतिस्पर्धी काय काय उत्तरे देतात हे थोड्या वेळात पाहायचे असेल, तर ब्लिट्झइतके उपयोगी दुसरे साधन नाही. ज्याचे हिशेब पक्के आहेत पण वेळ संपल्यामुळे जो डाव गमावतो, त्यालाही त्याचा फायदा होतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्लासिकलचे, म्हणजे दीर्घ वेळेचे, डाव बरोबरीत सुटल्यावर कोनेरू हम्पीला रॅपिडमध्ये हरवले, हे लक्षात घेतले तर वेगाचा सराव गौण मानता येत नाही.

रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याची, तुलना करताना मात्र सावध राहावे. लिचेस या संकेतस्थळावर नव्या खेळाडूची सुरुवात 1500 पासून होते आणि ब्लिट्झ व रॅपिडची रेटिंग वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे तिथला आकडा चेस डॉट कॉमच्या किंवा फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या आकड्याशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. शिवाय 10 मिनिटांचा डाव या संकेतस्थळांवर रॅपिड समजला जातो, तर फिडेच्या नियमांनुसार तो ब्लिट्झमध्ये मोडतो.

म्हणून ज्याचे मोहरे अजून फुकट मारले जातात, त्याने आठवड्यातील बहुतेक दिवस 15+10 चा एकच डाव खेळावा, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकीय प्रोग्रॅम, लावण्यापूर्वी आपली चूक स्वतः शोधावी आणि ब्लिट्झ शनिवार-रविवारपुरते ठेवावे. प्रत्यक्ष स्पर्धेत उतरायचे असेल, तर 15+10 कडून पुढे 30 मिनिटांच्या डावांकडे वळावे.