कृष्णधवल छायाचित्रणासाठी काचेचे रंगीत फिल्टर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी ६७ मिलिमीटर व्यासाचे चार काचेचे फिल्टर घेतले : पिवळा (क्रमांक ८), पिवळट हिरवा (११), नारिंगी (२१) आणि लाल (२५). पहिले सात महिने ते २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या रंगीत मिररलेस कॅमेऱ्यावर वापरले आणि जानेवारीपासून पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम या केवळ कृष्णधवल सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्यावर वापरते आहे. काच तीच, डोळा तोच, तरीही या दोन कॅमेऱ्यांवरचा अनुभव इतका वेगळा आहे की फिल्टर चांगले की वाईट हे एका वाक्यात सांगणे मला शक्य नाही.

फिल्टरचे काम साधे आहे. तो स्वतःच्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. म्हणून लाल फिल्टरमधून निळे आकाश काळवंडते आणि त्यावरचे ढग उठून दिसतात. अडचण रंगीत सेन्सरच्या रचनेत आहे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीनुसार सेन्सरवरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. त्यावर बाहेरून लाल काच चढवली की हिरव्या आणि निळ्या बिंदूंपर्यंत प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात खरी माहिती सुमारे सहा मेगापिक्सेलचीच उरते. शिवाय लाल फिल्टर तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश खातो, म्हणजे १/५०० सेकंदाचा शटर स्पीड १/६० वर येतो. नोव्हेंबरमध्ये राजगडाच्या पद्मावती माचीवरून मी तोरण्याचे जे छायाचित्र घेतले, त्यात आकाश हवे तसे गडद आले; पण कातळाच्या कड्यांचे थर एकमेकांत मिसळले आणि सावल्यांमध्ये नॉइज (दाणेदार ठिपके) भरून राहिला. त्याच जागी फिल्टर न लावता घेतलेल्या रॉ (प्रक्रिया न झालेल्या मूळ) फाइलमध्ये, संगणकावर निळ्या रंगाच्या उजळपणाची पट्टी थोडी खाली ओढून केलेले कृष्णधवल रूपांतर कितीतरी स्वच्छ होते. मात्र ती पट्टी फार खाली ओढली, तर डोंगराच्या कडेने पांढरी रेघ उमटते.

दुसरा धडा हिस्टोग्रामचा, म्हणजे छायाचित्रातला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाचा. रंगीत कॅमेरा दाखवतो तो एकत्रित आलेख हिरव्या रंगाला सर्वाधिक महत्त्व देतो. लाल फिल्टर लावल्यावर हिरवा रंग रिकामाच असल्यामुळे आलेख सुरक्षित दिसतो आणि आत लाल रंग केव्हाच फुटलेला (अति प्रकाशाने तपशील गमावलेला) असतो. गडावरच्या भगव्या झेंड्याचे माझे पहिले छायाचित्र असेच वाया गेले : झेंडा कागदासारखा पांढरा, एकही चुणी शिल्लक नाही. तेव्हापासून मी तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहते. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची जुळवणी) स्वयंचलित न ठेवता एकाच ठिकाणी स्थिर केलेला बरा.

रंगीत कॅमेरा असणाऱ्यांना म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की नारिंगी आणि लाल काचेवर पैसे घालू नयेत. कृष्णधवल दिसेल कसे याचा अंदाज जागेवरच हवा असेल, तर फुजीफिल्म कॅमेऱ्यांतल्या ॲक्रॉससारख्या कृष्णधवल पर्यायांत पिवळा, लाल, हिरवा परिणाम कॅमेऱ्यातच निवडता येतो आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात.

मोनोक्रोम कॅमेऱ्यात ही सोय नाही. त्याच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसल्यामुळे सर्व बिंदू पूर्ण प्रकाश घेतात, पण फाइलमध्ये रंग नसतात आणि आकाश नंतर गडद करायला निळी पट्टीही नसते. कोणता रंग उजळ आणि कोणता गडद हा निर्णय शटर दाबण्यापूर्वीच घ्यावा लागतो. फेब्रुवारीत मी पुन्हा पद्मावती माचीवर, त्याच वेळी, तोच लाल फिल्टर घेऊन गेले. सकाळच्या निळसर धुरकट हवेतून तोरण्याच्या धारा एकामागून एक सुट्या झाल्या, कातळातली प्रत्येक भेग दिसली आणि सावल्या स्वच्छ आल्या. मला फिल्टरकडून जे हवे होते ते त्या दिवशी मिळाले. हा गुण विरळ धुरकटीपुरताच आहे, हेही सांगायला हवे. जुलैमध्ये भंडारदऱ्याला पावसाळी धुके कापण्यासाठी मी चारही फिल्टर लावून पाहिले होते. धुक्यातले पाण्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात, त्यामुळे काहीही फरक पडला नाही.

माणसांच्या छायाचित्रांबाबत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आता सांगते. लाल फिल्टर त्वचा उजळ करतो, डाग झाकतो, आणि तेवढ्यावर मी भाळले होते. संक्रांतीला मावशीचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात लाल फिल्टर लावून घेतले. चेहरा नितळ आला, प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिने ती जवळ धरली, दूर धरली आणि हळूच विचारले, “अगं, माझं कुंकू कुठं गेलं?” कुंकू लाल, त्यामुळे तेही त्वचेइतकेच उजळ होऊन कपाळात विरून गेले होते. ओठही फिके पडले होते. तिच्या पिढीच्या बाईला मोकळ्या कपाळाचे आपलेच छायाचित्र पाहून काय वाटले असेल, याचा मला अजून त्रास होतो. दुसऱ्या दिवशी पिवळट हिरवा फिल्टर लावून मी तिला पुन्हा बसवले. या वेळी कुंकू ठसठशीत गडद आले आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही आल्या, ज्या तिला चालल्या.

जेजुरीतही हेच ध्यानात ठेवावे लागते. भंडारा लाल आणि हिरवा प्रकाश परत फेकतो व निळा शोषतो, म्हणून नारिंगी वा लाल काचेतून गडाच्या पायऱ्या चुना सांडल्यासारख्या दिसतात आणि कपाळावरचा मळवट पुसट होतो. तेथे मी आता कोणताही फिल्टर लावत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतींना मात्र नारिंगी फिल्टर सुंदर न्याय देतो : चिरे उजळतात, भोवतीचे गवत गडद होते आणि त्यामुळे भिंत वेगळी निघते.

हाताळणीत एकच तक्रार आहे. पावसाळ्यात ॲल्युमिनियमची कडी लेन्सवर घट्ट बसली आणि फिरेना. कडेभोवती रुंद रबर बँड गुंडाळून, दाब न देता फिरवल्यावर ती सुटली. पितळी कडीचा फिल्टर सहसा असा अडकत नाही. मोनोक्रोम कॅमेरा घेणाऱ्याने आधी पिवळट हिरवा आणि नारिंगी हे दोन घ्यावेत. पिवळ्याचा परिणाम इतका सौम्य आहे की माझा तो बहुतेक वेळ डबीतच असतो. लाल फिल्टर मी डोंगरावर जाताना नेते, आणि घरी कोणाचे छायाचित्र घ्यायचे असेल तेव्हा तो पिशवीतून बाहेर काढत नाही.