स्वस्त क्वार्ट्झ की महागडा? एकाच घरातल्या दोन कट्ट्यांचा वापरानंतरचा अनुभव

चार-पाच पट किमतीचा दगड घेतला तर स्वयंपाकघरात फरक नेमका कुठं पडतो, हे मला आता खात्रीनं सांगता येतं, कारण दोन्ही दगड आमच्याच घरात आहेत. बेळगावात अनगोळला आमचं दोन मजली घर. खाली मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, आणि वर आम्ही. दोन्ही स्वयंपाकघरांचं काम एकदमच काढलं, जुना कडप्पा दोन्हीकडचा निघाला. अक्कांनी गडद राखाडी क्वार्ट्झ घेतला, फुटाला अडीचशेच्या आसपास. आम्ही करड्या शिरांचा पांढरा घेतला, परदेशी नावाजलेल्या कंपनीचा, फुटाला अकराशेच्या वर. त्यांना दगडाचे अकरा-बारा हजार पडले, आम्हाला साठ हजारांच्या पुढे. बसवणारा मिस्त्री एकच. त्यानंतर दोन गणपती आणि दोन दिवाळ्या या कट्ट्यांवर झाल्या आहेत.

आधी थोडं दगडाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. क्वार्ट्झचा स्लॅब खाणीतून अखंड निघत नाही. गारगोटीचा चुरा साधारण ९० ते ९३ टक्के, बाकी पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे चुरा धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, आणि रंग, हे मिश्रण हवा काढून, हादरे देत दाबतात आणि तापवून घट्ट करतात. ही पद्धत इटलीच्या ब्रेटन कंपनीची, आणि आपल्या शेजारच्या आंध्र-तेलंगणातही त्यांच्या यंत्रांवर स्लॅब निघतात. गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या जोडीनं क्वार्ट्झचे कारखाने आहेत, अक्कांचा स्लॅब तिकडचा. तिथं चांगला माल निघत नाही असं अजिबात नाही. पण बाजारातल्या काही स्वस्त मालात गारगोटीचं प्रमाण कमी करून संगमरवराची भुकटी मिसळतात, आणि दुकानात उभं राहून ते डोळ्यांना कळत नाही.

रोजच्या ओरखड्यांत दोन्ही दगड सारखे टिकले. गारगोटी सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असते, त्यामुळं विळी, सुरी, डबे ओढणं यानं दोन्हीकडं काही झालेलं नाही. एवढ्यासाठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

फरक पडला तो आंबटानं. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी खाली अक्कांकडं समया, तांब्या, ताम्हन असं सगळं चिंच-मीठ लावून घासायला काढलं होतं. कट्ट्यावरच. भांडी धुऊन झाली, कट्टा पुसला, आणि वाळल्यावर जिथं जिथं चिंचेची भांडी टेकली होती तिथं पांढुरक्या, मळकट गोल खुणा उमटलेल्या. अक्कांनी साबणानं घासलं, सोड्यानं घासलं, तेल फिरवलं. तेलानं तेवढ्यापुरत्या झाकल्या, दुसऱ्या दिवशी परत दिसल्या. तो डाग नव्हताच. दगडातला चुन्याचा अंश आंबटानं खाल्ला होता आणि वरची चकाकी गेली होती. बोट फिरवलं तर ती जागा खरबरीत लागते. पुढं लिंबाच्या फोडी, आमसुलाचं पाणी, कैरीच्या लोणच्याचा खार यांचेही ठिपके पडत गेले. मिस्त्री येऊन पॉलिशचं पॅड मारून गेला, काळपट मेण भरलं, ते काही महिन्यांत निघालं.

वरच्या कट्ट्यावर आम्हीही तेच सगळं करतो. सोलकढी सांडते, लिंबाची साल रात्रभर पडून राहते. एकही खूण नाही. निव्वळ गारगोटी आणि रेझिन असेल तर लिंबू-चिंचेचं त्यापुढं काही चालत नाही. मिस्त्रीनं दोन्ही दगडांचे कापून उरलेले तुकडे ठेवले होते, त्यांवर मी लिंबाची अर्धी फोड उपडी घालून रात्रभर ठेवली. सकाळी राखाडी तुकड्यावर गोल उमटला होता, पांढऱ्यावर काही नाही. मग कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन चोळला, तर राखाडीचा रंग कापसाला लागला. हा प्रयोग घेण्याच्या आधी करता येतो, हे सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. दुकानदाराकडं हाताएवढा तुकडा मागा. देत नसेल तर तिथून घेऊ नका.

यातच बोअरच्या पाण्याचं दुखणं मिसळतं. शहरात राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं, पण भांड्यांना आमच्या गल्लीत बहुतेक घरी बोअरचंच पाणी. नळाच्या मुळाशी क्षारांचा पांढरा थर साचतो आणि गडद दगडावर तो लांबून दिसतो. हा दोष किमतीचा नाही, रंगाचा आहे, गडद महागड्यावरही दिसेल. पण उपाय करताना किंमत आडवी येते. थर काढायला व्हिनेगर लागतं. वरती मी व्हिनेगरचा बोळा ठेवते, थोड्या वेळानं पुसून पाण्यानं धुते, नळाची जागा स्वच्छ. खाली तेच केलं तर थराबरोबर चकाकीही जाते. म्हणून अक्का रोज रात्री नळाची बाजू कोरडी पुसून ठेवतात, आणि ते काम त्यांच्या मागं कायमचं लागलं आहे.

आता उष्णता, आणि इथं महागड्या दगडाबद्दलचं सगळं कौतुक थांबतं. बसवायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला होता, “वैनी, क्वार्ट्झला काय होत नसतंय.” अक्कांनी लगेच विचारलं, “भाकरीचा तवा कुठं ठेवायचा ते सांगा आदी.” त्यावर तो गप्प बसला. आपल्याकडं रोज भाकरी. भाकऱ्या झाल्या की तवा उचलून कट्ट्यावर, ही सवय कडप्प्यावर पिढ्यान् पिढ्या चालली, ग्रॅनाईटवरही चालते. क्वार्ट्झमधलं रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढं तग धरत नाही आणि भाकरीचा तवा त्याच्या बराच वर तापलेला असतो. खाली पाहुण्या मावशींनी तवा ठेवला, तर पिवळट चंद्रकोर उमटली. वर दिवाळीत चकल्यांची कढई काही क्षण टेकली, तिथं पांढऱ्यातही फिकट तपकिरी कड आली आहे. साठ हजारांचा दगड आणि अकरा हजारांचा दगड तव्यापुढं सारखेच. कंपनीच्या वॉरंटीतही उष्णतेनं पडलेले डाग, उडालेले टवके धरलेले नाहीत, कागद नीट वाचला की कळतं.

नुसता डागच पडतो असं नाही. एकाच ठिकाणी एकदम उष्णता बसली तर दगड तडकतो, विशेषतः हॉबच्या, म्हणजे कट्ट्यात बसवलेल्या शेगडीच्या, किंवा सिंकच्या कापाजवळ, जिथं दगडाची पट्टी अरुंद उरते. दोन्ही घरांत आता शेगडीशेजारी जाड लाकडी पाट कायम असतो, आणि मोठ्या टोपाखाली चुंबळ. सासूबाई जुन्या कापडाची छान घट्ट चुंबळ वळून देतात. कुकरही सरळ दगडावर ठेवत नाही. आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असलं तरी ज्योतीवरून उतरवलेलं बूड त्याहून तापलेलं असतं.

हळदीची भीती मलाही होती, पांढरा दगड घेताना सगळ्यांनी तीच घातली. प्रत्यक्षात हळद फार त्रास देत नाही. ओली असताना पुसली तर जाते. रात्रभर राहिली तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट थोडा वेळ लावायची, आणि त्यातूनही पिवळी छटा उरली तर खिडकीजवळच्या जागी ती उन्हानं आपोआप फिकी होते. बिट, कांदा-लसूण मसाल्याचं तेल, यांचंही तसंच. फक्त मॅट फिनिश घेऊ नका. ओळखीच्या एका घरी आहे, तेलकट बोटं आणि स्टीलच्या भांड्यांच्या करड्या रेघा पुसून त्या माउलीचा जीव दमतो.

उन्हाची दुसरी बाजूही सांगते. रेझिन उन्हानं पिवळतं. माझ्या आतेबहिणीनं खानापूरला मागच्या पडवीत, धुण्याच्या जागी स्वस्तातला पांढरा स्लॅब टाकला, तो सायीच्या रंगाचा झाला. आमच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन येतं, म्हणून मी कपाटातला उरलेला तुकडा काढून कट्ट्याशेजारी धरून बघते. अजून तरी फरक दिसत नाही. उघड्यावर मात्र कुठलाच क्वार्ट्झ टाकू नये.

शिरांच्या डिझाइनमध्ये पैसे कुठं गेले ते कापलेल्या कडेला कळतं. स्वस्त मालात बऱ्याचदा शीर वरच्या थरातच असते, कडेला नुसता पांढरा पट्टा दिसतो. आमच्या दगडात ती आरपार आहे, सिंकच्या कापातही उतरलेली दिसते. पण त्यानं जोड लपत नाही, उलट शिरा जुळल्या नाहीत तर जास्तच दिसतो. नेहमीचा स्लॅब साधारण दहा फूट लांब आणि साडेचार-पाच फूट रुंद. कट्टा दोन फूट खोल धरला तर एका स्लॅबमधून दोन पट्ट्या निघतात आणि एल आकाराला जोड येतोच. महागड्या मालात पूर्ण स्लॅबचे पैसे द्यावे लागतात, म्हणून आम्ही उरलेल्यातून देवघराची फळी आणि खिडकीच्या पट्ट्या करून घेतल्या. अक्कांच्या ठिपक्यांच्या राखाडीत जोड शोधावा लागतो. जाडीही बघा. त्यांचा पाच सूत, म्हणजे १५-१६ मिलिमीटर, त्याला खाली कडप्प्याचा आधार दिला आहे. आमचा २० मिलिमीटर.

टवके मात्र दोन्हीकडं उडाले आणि त्याचा किमतीशी संबंध नव्हता. आमची कड आधुनिक दिसावी म्हणून काटकोनी ठेवलेली, सिंकशेजारी कुकर आपटून तिचा कपचा निघाला. खाली हाफ राउंड कड आहे, ती जास्त निभावली, नारळ फोडतानाच काय तो एक बारीक टवका गेला. कड गोल करून घ्यायला पैसे किरकोळ लागतात.

बसवण्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. क्वार्ट्झ कापताना उडणारी धूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, गारगोटी ज्याची बनते तेच द्रव्य. ग्रॅनाईटमध्ये ती साधारण निम्म्याच्या आत असते. ही बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅबची निर्मिती, पुरवठा, कापकाम आणि बसवणं बंद केलं. आपल्या अंगणात पोरं तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ग्राइंडरनं हॉबचा काप घेतात आणि आपण त्यांना चहा देतो. आम्ही मापं आधी नीट देऊन सगळे मोठे काप कारखान्यात, पाणी सोडूनच करायला लावले. थोडे दिवस जास्त लागले, पैसेही थोडे जास्त. बसलेल्या कट्ट्यापासून घरच्यांना काही धोका नाही, पण कापणाऱ्या पोरांचं वय बघितलं तर हा आग्रह सोडू नये.

निपाणीच्या नणंदेनं आमचे दोन्ही कट्टे बघून वेगळंच केलं. शेगडीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फूट ग्रॅनाईट, बाकी ठिकाणी मध्यम किमतीचा, लिंबाची परीक्षा पास झालेला फिकट क्वार्ट्झ, दोन्ही एकाच जाडीचे म्हणजे पातळी सलग. ग्रॅनाईट आपल्याकडं दूरचं नाही, बागलकोट जिल्ह्यातलं इलकल त्यासाठीही नावाजलेलं, त्यामुळं तेवढ्या तुकड्याला खर्च फार आला नाही. ती भाकरीचा तवा बिनधास्त खाली ठेवते. माझ्या माहेरच्या, खानापूरच्या स्वयंपाकघराचं काम दिवाळीनंतर निघणार आहे. आई रोज चुलीशेजारीच ताटं वाढते, म्हणून तिच्यासाठी ग्रॅनाईटचा भाग सहा फुटांचा धरला आहे, आणि मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवलंय की काप सगळे कारखान्यात, ओले.