फियाटचा डॅशबोर्ड आणि अकोल्याचं ऊन: नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी १९९१ ची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, घरात आणि गॅरेजात फियाटच. बाबा होते तोवर ती गावी टिनाच्या शेडमध्ये उभी असायची. मी तिला अकोल्याला आणलं आणि तिच्या वाट्याला सोसायटीचं उघडं पार्किंग आलं. डॅशबोर्डवरचं काळं रेक्झिन तोवर तीस-बत्तीस वर्षं शाबूत होतं, ते इथल्या एकाच उन्हाळ्यात तडकलं. मे महिन्यात एका संध्याकाळी फडकं मारताना धागा कुठेतरी अडकला. वाकून बघितलं तर काचेच्या रबराला लागून केसाएवढी रेघ. दिवाळीपर्यंत त्या रेघेच्या कडा वर वळल्या होत्या आणि आतला फोम पिवळ्या भुकटीसारखा बोटाला लागत होता.

यंदा फेब्रुवारीत ठरवलं की दुसरी चीर पडू द्यायची नाही. तेव्हापासून जे जे करून बघितलं त्याचा हा हिशेब. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात आला आहे.

आधी हे रेक्झिन तडकतं कशाने, ते सांगतो, कारण हे कळायच्या आधी मी बरेच पैसे वाया घालवले. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मिसळतात. गाडी तापली की ते थोडं थोडं उडून जातं. पुढच्या काचेला आतून जो धुरकट, तेलकट थर बसतो त्यात बराचसा भाग त्याचाच. प्लॅस्टिसायझर गेलं की रेक्झिन आक्रसतं. कडा तर दाबून बसवलेल्या, मग ताण पडतो आणि जिथे जागा कमजोर तिथे ते फाटतं. ऊन वरून पृष्ठभाग ठिसूळ करतं ते वेगळंच. हल्लीच्या गाड्यांची पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली असते, ती अतिनील किरण बहुतेक अडवते. माझी काच जुन्या पद्धतीची टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली एकेरी आहे, तिच्यातून ते बरेच आत येतात. काचेला फिल्म लावावी म्हटलं तर २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ती भानगड झाली आहे. चौकाचौकात थांबून पावती फाडायची माझी तयारी नाही.

म्हणून सुरुवात, सगळेच करतात तशी, पॉलिशपासून. बाजारातलं सुवासिक, चकचकीत सिलिकॉन पॉलिश आणलं. पहिल्या दिवशी डॅश असा चमकला की शेजारच्या काकांनी गाडी विकायला काढली का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर पुढच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसतोय. आठवड्याभरात त्यावर धुळीचा असा थर बसला की बोटाने नाव लिहावं. ते पुसायला परत पॉलिश. महिन्याभरात बाटली भावाच्या गाडीसाठी देऊन टाकली. काकांनी सुचवलेलं खोबरेल तेल मी नशिबाने फक्त कप्प्याच्या झाकणावर लावून बघितलं. मार्च संपेपर्यंत गाडीत खवट वास, आणि झाकण हाताला चिकट. ते उतरवायला साबणाच्या पाण्याने तीनदा धुवावं लागलं.

त्यानंतर ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट घेतलं. पाण्याच्या बेसचं आहे, चमक जवळजवळ नाही, सुकेपर्यंत पुसलं तर हाताला काही लागत नाही. लावण्याआधी डॅश सौम्य साबणाच्या पाण्याने, टोकांना जुन्या टूथब्रशने, नीट साफ करून घेतला. हे मात्र एकदा कराच, माझ्या फडक्याला बत्तीस वर्षांचा चहाच्या रंगाचा मळ आला. मग एक खोडी केली. डॅशच्या डाव्या अर्ध्या भागावर दर चार आठवड्यांनी प्रोटेक्टंट, उजव्या अर्ध्यावर नुसतं ओलं फडकं. नऊ महिन्यांनी डावी बाजू रंगाने थोडी गडद आहे आणि तिच्यावरची धूळ एका हातात निघते. उजवी बाजू किंचित राखाडी दिसते. तडा दोन्हीकडे नवा नाही. बाटली हजाराच्या वर जाते, त्यामुळे उजव्या बाजूचा हा निकाल मला जरा झोंबलाच.

खरा फरक सावलीने पडला, आणि तो मोजलेला आहे. एका इलेक्ट्रिशियन मित्राकडून लाल ठिपका पाडणारं थर्मामीटर उसनं आणलं. मेचा दुसरा आठवडा, दुपारचे अडीच, बाहेर ४४. काही न लावता डॅशवर ७९ भरले. पुढच्या काचेला आतून चंदेरी शेड, म्हणजे ऊन अडवणारा पडदा, लावल्यावर ५९. शेड आणि खाली डॅशवर कापड, तर कापडाखाली ५३. आणि गेटजवळच्या कडुनिंबाखाली, काहीही न लावता, ४८. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या पार्किंगमधले. पण ७९ आणि ५३ मधला फरक कळायला थर्मामीटर लागत नाही, तळहात ठेवला तरी पुरे.

शेडमध्येही मी एकदा फसलो. छत्रीसारखा उघडणारा जो प्रकार सध्या सगळीकडे दिसतो तो घेतला, साडेचारशे रुपये. तो मोठ्या, तिरक्या काचांसाठी बनवलेला. फियाटची काच लहान आणि बरीच उभी, डॅशही अरुंद. छत्री पूर्ण उघडेना, आणि तिच्या दांड्याचं टोक डॅशवर टेकून राहिलं. तिसऱ्या दिवशी तापून मऊ झालेल्या रेक्झिनमध्ये चवलीएवढा खळगा. ज्याला वाचवायला आणली त्यालाच तिने टोचलं! तो खळगा अजून आहे. मग घडीचा साधा बबलवाला चंदेरी शेड आणला, जुन्या पेपरचा काचेवर माप घेऊन साचा कापला, आणि त्याबरहुकूम शेड कात्रीने कापून कडेला कापडी पट्टी शिवून घेतली. साडेतीनशे अधिक शिंप्याचे साठ. काचेला फटीशिवाय बसतो, आरशामागे अडकतो, लावायला वीस सेकंद.

डॅशवरचं कापड म्हणजे आईने शिवलेली गोधडी. तयार मखमली कव्हर मिळतात, पण फियाटच्या मापाचं कोण ठेवणार! शिवाय ती चिकटपट्टीने बसवायची असतात आणि तापलेली चिकटपट्टी काढताना रेक्झिनही सोलून येतं. आईने जुन्या सुती लुगड्याचे चार पदर घेऊन लांबट, अरुंद गोधडी घातली. घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना आधी गव्हाच्या पुरचुंड्या शिवल्या होत्या. आठव्या दिवशी उंदराने एक फोडली आणि गाडीभर गहू. आता वाळू आहे. गोधडी फक्त गाडी उभी असताना. चालवताना ती काढून मागच्या सीटवर टाकतो, नाहीतर तिची नक्षी काचेत दिसते आणि नजर तिकडेच जाते.

जुलैत मात्र हीच गोधडी अंगाशी आली. आठ दिवस झड लागलेली, दारांच्या रबरातून ओल आत, गोधडी दमट. काढली तेव्हा खाली रेक्झिनवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके. साबणाच्या पाण्याने गेले, डाग उरला नाही, पण कुबट वास पंधरा दिवस होता. तेव्हाच ठरवलं, मिरगाला गोधडी घरात न्यायची, ती ऑक्टोबर तापल्यावरच परत आणायची.

अजून एक फुकटची गोष्ट. फियाटच्या पुढच्या दारांना ती तिकोनी काच आहे ना, ती दोन्हीकडे बोटभर उघडी ठेवतो. थर्मामीटरवर फार फरक दिसला नाही, पण संध्याकाळी दार उघडल्यावर तोंडावर येणारी भट्टी कमी झाली. दुपारनंतर गाडीचं तोंड पूर्वेला राहील असं उभं केलं तर मावळतीचं ऊन मागच्या काचेवर जातं. ज्यांना पार्किंगमध्ये दिशा निवडता येते त्यांनी हे करायला काहीच खर्च नाही.

आधी पडलेल्या चिरेचं काय? ऑनलाइन मिळणारं भरायचं किट मार्चमध्ये वापरलं. भरलं, घासलं, रंगवलं, चार फुटांवरून कळत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी चीर पुन्हा उघडली आणि भरलेला माल एका बाजूला जिभेसारखा लोंबायला लागला. सीटकव्हरवाल्याकडे नेली. त्याने अंगठ्याने कड दाबून बघितली आणि म्हणाला, "भाऊ, आतून ओढ हाये तिले. उन्हात थे थांबनार नाई." पूर्ण डॅश नव्या रेक्झिनने मढवायचे त्याने साडेचार हजार सांगितले, पण त्यासाठी पुढची काच उतरवावी लागेल. त्या वयाचं रबर एकदा निघालं की परत बसेलच असं तोही म्हणेना. शिवाय मढवताना जे सोल्युशन लावतात ते आमच्या उन्हात सुटतं. गावातल्या एका फियाटच्या डॅशवर दोन उन्हाळ्यांत पुऱ्यांसारखे फुगे आलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मढवणं रद्द. चिरेच्या कडांखाली त्याच्याकडूनच सुती कापडाची पट्टी सरकवून चिकटवून घेतली, भुकटी बाहेर येऊ नये एवढ्यापुरती. दोनशे रुपये घेतले, वर चहा त्यानेच पाजला.

फेब्रुवारीत आईच्या शिवणाच्या टेपने चीर मोजून ठेवली होती, ११.२ सेंटीमीटर. काल मोजली, ११.५. आदल्या वर्षी ती शून्यापासून तिथवर आली होती.

निंबाखालची जागा अजूनही सगळ्यात चांगली, फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीने तिथे सावली राहत नाही, जूनमध्ये बोनेटवर पिकलेल्या निंबोळ्यांचा चिकटा, आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत पोचलो नाही तर तिथे दुसऱ्या मजल्यावरच्यांची स्कूटर लागलेली असते.