फोनचा रिमोट झालाच नाही, पैसे मात्र कटत राहिले

एसीचा रिमोट बाबांच्या हातून पडला आणि कायमचा गेला. त्यात अकोल्याचा एप्रिल. शेजारच्यांनी सांगितलं, "काका, आता फोनचाच रिमोट होतो, ॲप टाका." बाबांनी टाकलं.

ॲपने आधी एसीची कंपनी विचारली. मग स्क्रीनवर गोल फिरायला लागलं, 'तुमचा एसी शोधत आहे'. थोड्या वेळाने हिरवी खूण, 'एसी सापडला!' पुढे जायचं तर ३ दिवसांची फुकट ट्रायल. बाबांनी यूपीआय पिन टाकला. ट्रायल संपली की दर आठवड्याला २९९ रुपये, हे खाली राखाडी अक्षरांत होतं. ती अक्षरं मलाही चष्मा लावून धड लागली नाहीत.

बटण दाबलं की फोन थरथरायचा, टिक वाजायचं, स्क्रीनच्या वरच्या टोकाला लाल ठिपका चमकायचा. एसी ढिम्म. बाबांना वाटलं एसीच बिघडला, म्हणून मेकॅनिकला बोलावून त्याचा व्हिजिट चार्जही भरला.

खरी गोम अशी, की हा जुना एसी फक्त इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा इशारा समजतो. त्यासाठी फोनमध्येच आयआर ब्लास्टर, म्हणजे तो प्रकाश पाठवणारा छोटा दिवा असावा लागतो. रेडमी-पोकोच्या बऱ्याच मॉडेलांत तो असतो, सॅमसंगने गॅलेक्सी एस४ ते एस६ मध्ये दिला आणि मग काढून टाकला, आयफोनमध्ये तर कधीच नव्हता. बाबांच्या फोनमध्येही नाही. फोनमध्ये तो आहे की नाही, हे ॲपला अँड्रॉइडकडून कळू शकतं, ती सोय २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे. म्हणजे एक साधी तपासणी केली असती तर 'तुमच्या फोनवर चालणार नाही' असं सांगून मोकळं होता आलं असतं. आणि 'सापडला' हे तर धडधडीत खोटं. असा एसी सिग्नल फक्त घेतो, उलट काहीच पाठवत नाही. मग तो सापडणार कसा?

घरी तपासायचं असेल तर दुसऱ्या फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा. टीव्हीचा चालू रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं की पुढच्या दिव्यात जांभळट उजेड लुकलुकतो. ॲपवाल्या फोनचं वरचं टोक तसंच धरा. बाबांच्या फोनवर मिट्ट अंधार. वाय-फायवरच्या अँड्रॉइड टीव्हीची गोष्ट वेगळी, पण तिथे गूगल होम या ॲपमध्येच रिमोट फुकट मिळतो.

बाबांनी वैतागून ॲप डिलीट केलं, तरी पैसे कटतच राहिले. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून 'पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं. यूपीआय ॲपमधलं ऑटोपेही (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) बघा. पैसे कटण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो म्हणे. येतो, पण इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. शेवटचा हप्ता गूगलकडे ४८ तासांच्या आत मागितला म्हणून परत मिळाला. आधीच्यांसाठी ॲपवाल्यांना मेल केला, त्यावर छापील उत्तर आलं. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या डार्क पॅटर्नविरोधी (ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नावानिशी आहे, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

रिमोट शेवटी इलेक्ट्रिकच्या दुकानातून डुप्लिकेट आणला, ॲपच्या एका आठवड्याच्या पैशांपेक्षाही स्वस्त. आणि ऑटोपेच्या यादीत आणखी एक निघालं, कुठलंसं क्यूआर स्कॅनर, तेही दर आठवड्याला. ते कधी टाकलं हे बाबांना आठवत नाही. क्यूआर तर फोनच्या कॅमेऱ्यानेच स्कॅन होतो.