घरपोच लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट: मालकिणीकडून ४ स्टार, भाडेकरूकडून अडीच

आधीच सांगते, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी, आणि त्याचा करार घरी येऊन नोंदवून देणाऱ्या या सर्व्हिसची मी दोन्ही बाजूंची गिऱ्हाईक आहे. पुण्यात माझा एक वन बीएचके आहे तो भाड्याने दिलाय आणि नोकरीमुळे मी स्वतः ठाण्यात भाड्याने राहते, म्हणजे एकाच वर्षात एकदा लायसन्सर (घर देणारी) म्हणून अंगठा लावला आणि एकदा लायसन्सी (घर घेणारी) म्हणून. त्यामुळे हा रिव्ह्यू एजंटपेक्षा तो जो कागद विकतो त्याचा जास्त आहे, कारण एजंट बदलला तरी कागद तोच असतो, आणि भांडण झालं की एजंट फोन उचलत नाही, कागदच उरतो.

तरी सर्व्हिसबद्दल थोडं. एजंट घरी येतो, लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन. आधार नंबर, फोटो, ठसा, दोन साक्षीदार, झालं. मालक एका शहरात आणि भाडेकरू दुसऱ्या शहरात असला तरी चालतं, दोघांचे ठसे वेगवेगळ्या ठिकाणी घेतात. मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवरून दुय्यम निबंधकाकडे जातं आणि नोंदलेला करार पीडीएफमध्ये मिळतो. सुट्टी टाकून रजिस्ट्रेशन ऑफिसला ताटकळायचे दिवस गेले याचं खरंच कौतुक आहे. वयस्कर लोकांचे ठसे पटकन येत नाहीत, तेव्हा हात कोमट पाण्याने धुऊन पुसून ठेवा, एवढीच टीप.

पैशांचं मात्र नीट विचारा, कारण बहुतेक एजंट एकच गोळा आकडा सांगतात. सरकारचे पैसे असे असतात: पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर तेही, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या सगळ्याच्या ०.२५ टक्के स्टँप ड्युटी. म्हणजे २०,००० भाडं, ११ महिने, ६०,००० डिपॉझिट असेल तर स्टँप ड्युटी ५६४ रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. याच्या वरचे किरकोळ चार्ज आणि एजंटची मजुरी, ती त्याने वेगळी लिहून दिली पाहिजे, मी दोन्ही वेळेला मागून घेतली.

आता ११ महिन्यांचं कोडं. आमच्या सोसायटीतले एक काका अजूनही सांगतात की ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, नोटरी केली की बास. हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलंय, तिथे वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे म्हणून लोकांनी ११ महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, आणि ते सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. छोट्या मालकाने दीड-दोन हजार वाचवायला हा धोका का घ्यावा हे मला कळलेलं नाही. आणि ही ०.२५ टक्क्यांची ड्युटी ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे, म्हणजे दर वर्षी तोच सोहळा करायची काहीच गरज नाही, पण ते एजंट कशाला सांगेल, त्याचा धंदा रिन्यूअलवर आहे.

मालकीण म्हणून ४ स्टार का दिले ते सांगते. या कागदाचा जीव त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की घर रिकामं करून द्यायचं, नाही दिलं तर दिवाणी कोर्टाच्या रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागते. समोरच्याला बाजू लढवायची असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते, सरळ लढता येत नाही. वर लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा, तोंडी ठरलं होतं वगैरे चालत नाही.

तरुण भाडेकरूंना हे एकतर्फी वाटतं, मलाही भाडेकरूच्या खुर्चीत बसल्यावर वाटतं. पण हे कुठून आलं तेही बघा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. त्यावर तोडगा म्हणून लोक लिव्ह अँड लायसन्सवर घरं द्यायला लागले, तर १९७३ मध्ये दुरुस्ती आली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. ज्याने विश्वासाने ११ महिन्यांसाठी घर दिलं त्याचं घर पिढ्यानपिढ्या गेलं. ही भीती मराठी घरांमध्ये अजून जिवंत आहे, फ्लॅट कुलूप लावून ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत अशी माणसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतात. पुढे १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कलम २४ नसतं तर माझ्यासारखीने आजही घर दिलं नसतं, हे खरं आहे.

त्याच कायद्यात रीतसर भाडेकरूसाठी, म्हणजे पागडीवाल्या किंवा जुन्या भाड्याच्या घरांसाठी, वेगळीच वागणूक आहे. तिथे मालकाला कलम १६ मधलं कारण दाखवावं लागतं, स्वतःला राहायला घर हवंय म्हटलं तर खरीच गरज आहे का बघतात, आणि वर कोर्ट हेही तपासतं की घर रिकामं करायला लावलं तर भाडेकरूला जास्त त्रास होईल का नाही लावलं तर मालकाला. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. थकबाकीसाठी नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबायचं, आणि दावा लागला तरी समन्सनंतर ९० दिवसांत व्याजासकट भरलं की भाडेकरू वाचतो. ही सगळी तोलामापाची यंत्रणा लायसन्सवाल्याला लागू नाही. म्हणजे एका टोकाला जुन्या चाळीतला मालक ज्याला दुरुस्तीपुरतंही भाडं येत नाही आणि दुसऱ्या टोकाला माझ्यासारखी लायसन्सी जिला मुलीची परीक्षा तोंडावर आहे एवढं सांगायलाही जागा नाही. मधलं काही नाहीच.

आणखी एक खटकतं. एकच फ्लॅट असलेली पेन्शनर बाई आणि वीस फ्लॅट भाड्याने देणारा इन्व्हेस्टर, दोघांना कलम २४ अगदी सारखंच. कायद्याला विशेष मालक माहीतच नाहीत असंही नाही, कलम २३ मध्ये सैन्यदलातले लोक आणि शास्त्रज्ञ यांना स्वतःच्या राहण्यासाठी घर परत घ्यायला वेगळी वाट दिलेली आहे. तशी ज्याचं एकच घर आहे त्याला अजून सोपी वाट द्या आणि वीस घरंवाल्याला थोडी कारणं द्यायला लावा, असं केलं तर काय बिघडेल? मालक हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यापुढे दुसराच येतो आणि भरडली जाते पहिली.

मालकिणीचा एक स्टार कापला तो मधल्या काळासाठी. कलम २४ ची भाषा मुदत संपल्यानंतरची आहे. तिसऱ्याच महिन्यात भाडं थांबलं तर काय, यावर छापील ड्राफ्टमध्ये एक मोघम ओळ असते. ईएमआय तर कोणासाठी थांबत नाही. आणि सक्षम प्राधिकाऱ्याने आदेश दिला तरी त्यावर ९० दिवसांत रिव्हिजन, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज, करता येते, दुप्पट भरपाई कागदावर मस्त दिसते पण जो माणूस साधं भाडं देत नव्हता तो दुप्पट कुठून देणार. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर कलम २४ तसंही कामाचं नाही, ते फक्त राहत्या जागेसाठी आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता भाडेकरू म्हणून. घर परत घ्यायला मालकाला खास वाट आहे, डिपॉझिट परत घ्यायला भाडेकरूला कुठली? नोटीस पाठवा, मग दिवाणी दावा लावा. साठ-सत्तर हजारांसाठी वकील कोण करणार, मालकालाही हे पक्कं माहीत असतं. घर सोडताना माझ्या आधीच्या मालकांनी पेंटिंग, डीप क्लिनिंग, नळाची गळती असं करत करत बरंच कापलं, आणि ते काही दुष्ट नव्हते, फक्त त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. माझं म्हणणं साधं आहे, ज्या प्राधिकाऱ्याकडे ताब्याचा अर्ज जातो त्याच्याकडेच, त्याच फॉर्मवर, डिपॉझिटचाही हिशोब व्हायला हवा. मालकाची थकबाकीही तिथेच वळती करा. ताबा आणि पैसे एकाच टेबलावर आले तर दोन्हीकडची आडमुठेगिरी निम्मी होईल असं मला वाटतं.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला त्यात असं बरंच आहे: राहत्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त २ महिन्यांच्या भाड्याएवढं, मालकाला घरात यायचं तर २४ तास आधी कळवायचं, आणि मुदतीनंतर घर अडवलं तर पहिले २ महिने दुप्पट, त्यापुढे चौपट भाडं. म्हणजे दोघांनाही काहीतरी दिलंय आणि दोघांकडूनही काहीतरी घेतलंय. पण तो फक्त नमुना आहे, राज्याने कायदा केला तरच उपयोग, आणि तुमच्या हातातला कागद आजच्या नियमांवर चालतो.

तेव्हा ड्राफ्ट वाचा. एजंट पाच मिनिटं आधी व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि सगळं स्टँडर्ड आहे मॅडम म्हणतो. माझ्या ठाण्याच्या ड्राफ्टमध्ये लायसन्सरने एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही काढावं आणि मी मात्र सहा महिने लॉक-इनमध्ये, म्हणजे तोवर सोडायचं नाही, असं होतं, मी म्हटलं लॉक-इन असेल तर दोघांनाही, मालकीण बाई चांगल्या होत्या, लगेच मान्य झाल्या, एजंटच कुरकुरला कारण त्याला परत टाइप करावं लागलं. पुण्याच्या माझ्या भाडेकरूला मी ३३ महिन्यांचा करार दिला, दर ११ महिन्यांनी किती वाढ ते आधीच लिहून. त्याला मुलाची शाळा बदलावी लागत नाही, मला दर वर्षी ब्रोकर बघावा लागत नाही.

डिपॉझिटचा आकडा कमी लिहू या, ड्युटी वाचेल, असं कोणी म्हणालं तर हिशोब करून दाखवा. १,००,००० दिले आणि २५,००० लिहिले तर ७५,००० वर १० टक्के म्हणजे ७,५००, त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे वर्षाला १९ रुपयेसुद्धा वाचत नाहीत. आणि करार हाच निर्णायक पुरावा असल्यावर ते ७५,००० मागणार कुठल्या तोंडाने? डिपॉझिट बँकेतूनच द्या, भाड्याची पावती मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. भांडण झालं तरी पाणी-लाइट तोडता येत नाही, त्याला कलम २९ आहे, आणि मालक मंडळींनो, कुलूप बदलायच्या भानगडीत पडू नका, मुदत संपलेली असली तरी ताबा रीतसरच घ्यावा लागतो, उगाच आपलीच केस कच्ची होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचं काम एजंट पॅकेजमध्ये करतो का तेही विचारून घ्या. आणि हो, सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतात तो) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो, जास्त मागितला तर २००१ चा शासन निर्णय दाखवा.

घेण्यासारखी सर्व्हिस आहे, नक्की घ्या, नोटरीच्या नादाला लागू नका. फक्त डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत, कशाकशाचे पैसे कापणार आणि उशीर झाला तर व्याज किती, ही ओळ घालून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. एजंट म्हणेल फॉरमॅटमध्ये बसत नाही. बसतं, इतर अटींमध्ये टाकायला सांगा.